दोन किलोची नळी, नऊशे बारचं पाणी

इलेक्ट्रिक मोटारीच्या मागच्या सबफ्रेममध्ये, म्हणजे चाकांची जोडणी धरणाऱ्या छोट्या सांगाड्यात, डाव्या-उजव्या बाजूंना जोडणारा आडवा तुकडा असतो, त्याला शॉपफ्लोअरवर सगळे क्रॉसमेंबरच म्हणतात. स्टीलमध्ये तो करायचा तर पत्र्याचे दोन स्टॅम्पिंग समोरासमोर ठेवून कडेने वेल्ड मारायचा, हा जुना रस्ता. ॲल्युमिनियममध्ये तोच तुकडा एका अखंड नळीला डायमध्ये, म्हणजे पोलादी साच्यात, बंद करून, आतून पाण्याचा दाब देऊन फुगवता येतो. यालाच हायड्रोफॉर्मिंग म्हणतात. खाली अशाच एका तुकड्याचा प्रवास आहे, नळ्यांचा गठ्ठा गोदामात उतरतो तिथपासून तुकडा वेल्डिंगला जाईपर्यंतचा. आकडे या तुकड्याचे आहेत. तुकडा बदलला की आकडे बदलतील, हिशेबाची रीत तीच राहील.

नळी ६०६० या ॲल्युमिनियम मिश्रधातूची, टेम्पर (धातूची कडक-मऊ अवस्था) टी४. बाहेरचा व्यास ७० मिमी, भिंत ३ मिमी, कापलेली लांबी ११८० मिमी, वजन जेमतेम २ किलो. तिला ३५ अंशांचे दोन वाक, मध्यरेषेची त्रिज्या १७५ मिमी. मधला भाग ७६ बाय ५२ मिमीचा आयत होतो, कोपऱ्यांची बाहेरची त्रिज्या १० मिमी. दोन्ही टोकं गोलच राहतात.

कामाला हात घालण्याआधी पहिला हिशेब घेराचा. नळीचा घेर २२० मिमी. आयताचा घेर, कोपरे धरून, २३९ मिमी. म्हणजे धातूला आडव्या दिशेने सुमारे ८.६ टक्के ताणायचं आहे. ६०६० टी४ ची ताण सोसण्याची किमान हमी १६ टक्क्यांची असते, त्यामुळे कागदावर काम सोपं वाटतं. प्रत्यक्षात ताण सगळीकडे सारखा वाटला जात नाही आणि वाकवताना धातूने आपली बरीचशी ताकद आधीच खर्च केलेली असते.

तुकडा प्रेसमध्ये फुटला की सगळे प्रेसकडे धावतात आणि दाबाचा आलेख उघडून बसतात. बहुतेक वेळा कारण प्रेसच्या आधीच घडून गेलेलं असतं: नळीच्या सांध्यात, तिच्या वयात, वाकात किंवा वंगणात. म्हणून या लेखात प्रेसला जागा कमी आणि त्याआधीच्या कामाला जास्त.

आधी धातू का बदलायचा तेही स्पष्ट असू द्या. स्टीलची घनता ७.८५, ॲल्युमिनियमची २.७. पण कडकपणाही त्याच प्रमाणात उतरतो, २१० गिगापास्कलवरून ७० वर. तोच आकार, तीच जाडी ठेवून नुसता धातू बदलला तर तुकडा हलका होतो आणि तेवढाच लवचीकही होतो. फायदा मिळतो तो छेद मोठा केल्यावर, कारण छेद थोडा वाढवला तरी वाकण्याला होणारा विरोध झपाट्याने वाढतो. बंद पोकळ छेद पिळालाही दाद देत नाही. शिवाय वेल्डसाठी लागणाऱ्या कडा नकोत, त्यांचं वजन नको.

मात्र ही पद्धत सगळीकडे चालवायला जाऊ नये. शेव्हरोलेच्या २००६ च्या कॉर्व्हेट झेड०६ मध्ये बाजूच्या लांब रेल ॲल्युमिनियमच्या, हायड्रोफॉर्म केलेल्या आणि अखंड होत्या. २०१४ च्या पुढच्या पिढीत कंपनीने रेल पाच तुकडे जोडून केली आणि जागेनुसार भिंत २ पासून ११ मिमीपर्यंत बदलती ठेवली. हायड्रोफॉर्मच्या नळीला सुरुवातीची जाडी सगळीकडे एकच असते. एका ठिकाणी जास्त जाडी लागली की ती सगळ्या लांबीला द्यावी लागते, आणि वाचवलेलं वजन तिथेच परत जातं. आमच्या मते मीटर-सव्वा मीटर लांबीच्या, एकसारखा भार घेणाऱ्या तुकड्यांना ही पद्धत सर्वांत जास्त फळते.

आता नळी. ॲल्युमिनियमची नळी बहुतेक करून पोर्टहोल डायमधून एक्स्ट्रूड होते, म्हणजे दाबून बाहेर काढली जाते. तापलेला बिलेट (धातूचा ठोकळा) डायच्या पुलावर आदळून चार धारांत विभागतो आणि पुलापलीकडे त्या धारा दाबाखाली पुन्हा एकमेकींत मिसळून नळी तयार होते. म्हणजे दिसायला अखंड असलेल्या नळीत लांबीभर चार सांधे असतात. त्यांना सीम म्हणतात. चांगल्या नळीत सीम बाकीच्या धातूइतकीच मजबूत असते. डायचं तापमान उतरलेलं असेल, वेग जास्त असेल किंवा बिलेटवरचं तेल-ऑक्साइड आत गेलं असेल, तर सीम कच्ची राहते. नेहमीच्या वापरात, खिडकीच्या चौकटीत वगैरे, ती कच्ची सीम आयुष्यभर कळत नाही. हायड्रोफॉर्मिंगमध्ये ती दोन सेकंदांत कळते.

सीम डोळ्यांना दिसत नाही, पण दाखवता येते. नळीच्या टोकाची २० मिमीची रिंग कापायची, कापलेली कड ६०० नंबरच्या पॉलिश पेपरवर पाण्याबरोबर घासायची आणि साधारण १० टक्के कॉस्टिक सोड्याच्या ६० अंश तापमानाच्या द्रावणात दोन-तीन मिनिटं धरायची. बुडबुडे येतात, कड काळी पडते. ते बुडबुडे हायड्रोजनचे असतात, त्यामुळे हे काम हुडखाली, गॉगल आणि हातमोजे घालूनच करायचं. पाण्याने धुऊन पातळ नायट्रिक ॲसिडमध्ये बुडवली की काळेपणा निघून जातो. मग राखाडी कडेवर आतून बाहेर जाणाऱ्या चार बारीक रेषा दिसतात. रेष बारीक आणि फिकट असेल तर ठीक. रेष काळी, तुटक किंवा तिच्या बाजूचे कण एकदम मोठे दिसले तर तो लॉट बाजूला ठेवायचा.

दुसरी रिंग ६० अंशांच्या शंकूवर बसवून छोट्या प्रेसखाली फुगवायची. व्यास १५ टक्के वाढेपर्यंत चीर नको ही आमची अट. पुढे ती फाटणारच, पण सीमवर न फाटता दोन सीमच्या मधल्या धातूत फाटली पाहिजे. टक्केवारीपेक्षा ही दुसरी अट आम्ही जास्त कडक पाळतो.

एक गोष्ट ऑर्डरमध्ये लिहूनच घ्यावी लागते. एक बिलेट संपून दुसरा लागतो तिथे जुन्या-नव्या धातूचा आडवा सांधा पडतो आणि तो नळीत लांबवर पसरत जातो. खिडकीच्या सेक्शनमध्ये तो विकला गेला तरी कोणी विचारत नाही. आपल्या नळीसाठी तो भाग कापून टाकायचा, किती लांबी कापायची हे सप्लायरने एचिंग करून (वरच्या कॉस्टिकच्या चाचणीने) ठरवायचं आणि चार सीमपैकी एकीवर लांबीभर शाईची रेष मारून द्यायची. ही रेष नसेल तर पुढच्या कामाला दिशाच राहत नाही.

ती रेष लागते ती सीम कुठे बसवायची हे ठरवण्यासाठी. सीम एकमेकींपासून ९० अंशांवर असतात. रेष आयताच्या चपट्या बाजूच्या बरोबर मध्यावर ठेवली तर एक सीम वाकाच्या बाहेरच्या अंगावर येते, जिथे भिंत सर्वांत पातळ होते. ४५ अंश फिरवली तर चारही सीम चार कोपऱ्यांत जातात, आणि कोपरा हीच शेवटी ताणली जाणारी जागा. आपण सुमारे १५ अंश फिरवतो. मग चारही सीम चपट्या बाजूंवर पडतात, कोपरा जिथे सुरू होतो त्या ओळीपासून दूर. वाकाच्या पातळ भागाला एक सीम थोडी जवळ राहते खरी, पण वाकवताना ओढ सीमच्या लांबीच्या दिशेने असते आणि ती सीमला फारशी बाधत नाही. तिला उसवते ती आडवी ओढ.

दुसरी लपलेली बाब नळीचं वय. टी४ म्हणजे एक्स्ट्रुजननंतर लगेच थंड करून नुसतीच ठेवलेली नळी. ठेवलेल्या नळीतही मॅग्नेशियम आणि सिलिकॉनचे अणू हळूहळू एकत्र येत राहतात (यालाच एजिंग म्हणतात), यील्ड, म्हणजे धातू कायमचा वाकायला लागतो ती ताकद, वाढते, ताण सोसण्याची ताकद कमी होते. पहिल्या काही दिवसांत हा बदल जोरात होतो, पुढे मंदावतो, पण थांबत नाही. ६५ मेगापास्कलला मिळालेली नळी महिन्यांनी ८५ च्या आसपास भेटू शकते. पत्र्याच्या शेडखाली, एप्रिल-मेच्या उन्हात हा बदल आणखी वेगाने होतो, त्यामुळे पुणे-चाकणच्या उन्हाळ्यात एकच लॉट वरच्या रॅकमध्ये आणि खालच्या सावलीत वेगळा वागतो. गठ्ठ्याच्या चिठ्ठीवर एक्स्ट्रुजनची तारीख हवी. गोदामात आल्याची तारीख पुरत नाही. आणि जुना माल आधी वापरायचा नियम इथे खरोखर पाळायचा असतो.

६०८२ मिश्रधातू का नाही, हा प्रश्न प्रत्येक डिझाइनर विचारतो. ताकद जास्त मिळते, हे खरं. पण पोर्टहोलमधून ती नळी कष्टाने निघते, टी४ मध्ये कमी ताणली जाते आणि नैसर्गिक एजिंगनंतर जास्त कडक होते. ८-९ टक्क्यांची घेरवाढ आणि दोन वाक असलेल्या तुकड्याला ६०६० बरी. जिथे फक्त छेद चौकोनी करून मापात आणायचा आहे, तिथे ६०८२ घ्यावी.

कापणी कार्बाइड दातांच्या सॉवर. कड नळीच्या अक्षाला काटकोनात, फरक ०.२ मिमीच्या आत. लांबीत अर्धा मिमी इकडे-तिकडे चालतो, कड तिरकी चालत नाही, कारण याच कडेवर पुढे ९०० बारचं पाणी अडवायचं आहे. आतली-बाहेरची बर (कापताना कडेला उठलेली धारदार कूस) काढायची आणि नळी हवेने फुंकून चिप्स बाहेर काढायच्या. एक चिप डायमध्ये गेली की त्यानंतरच्या प्रत्येक तुकड्यावर तिचा छाप उठतो.

वाकवायला रोटरी ड्रॉ मशीन, म्हणजे नळी फिरत्या साच्याभोवती ओढून वाकवणारं. नळीच्या आत आधाराला तीन चेंडूंचा मॅन्ड्रेल, नळीच्या आतल्या व्यासाहून ०.३ ते ०.४ मिमी लहान, आणि वाकाच्या आतल्या अंगाला सुरकुत्या रोखणारी वायपर डाय. दोन्ही हार्ड क्रोम केलेले. ॲल्युमिनियम ब्राँझचे मॅन्ड्रेल स्टेनलेससाठी असतात, ते इथे उचलून वापरू नयेत.

वाकाच्या बाहेरच्या अंगाचा ताण तोंडी काढता येतो: व्यासाची निम्मी किंमत भागिले वाकाची त्रिज्या. ३५ भागिले १७५, म्हणजे २० टक्के. टी४ ला हे झेपण्याच्या पलीकडे आहे. म्हणून नळीला मागून बूस्टरने ढकलत वाकवायचं, म्हणजे धातू पुढे पुरवला जातो आणि बाहेरच्या अंगाचा ताण १४-१५ टक्क्यांवर उतरतो. भिंत बाहेर सुमारे २.६ मिमी आणि आत ३.४ मिमी मिळाली की वाक जमला. बूस्टर जास्त झाला तर आतल्या अंगावर लाटा उठतात, कमी झाला तर बाहेरची भिंत २.५ च्या खाली जाते. लाटेवरून नख फिरवायचं; नख अडलं तर ती नळी पुढे पाठवू नये. पुढे दाबाने ती सपाट होईल, ही आशा फोल असते. लाट सपाट न होता दुमडते, आणि दुमड गाडी चालू लागल्यावर चिरते.

डिझाइनरशी भांडून एक गोष्ट इथेच मिळवायची असते: वाकाच्या पट्ट्यात घेरवाढ ४ टक्क्यांच्या वर नको. ८.६ टक्के सरळ मधल्या भागात द्या. एकाच जागी दोन्ही ओढी आल्या की कितीही चांगल्या नळीचं गणित कोलमडतं.

वाकवल्यावर नळी पुन्हा भट्टीत घालून मऊ करावी, असं सुचवणारे भेटतात. उपाय मोहक आहे, पण वाकलेल्या नळीत काही पट्ट्यांना ५ ते १० टक्केच ताण बसलेला असतो, आणि नेमक्या इतक्या कमी ताणानंतर तापवलं की कण अवाढव्य वाढतात. फुगवल्यावर तिथला पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत होतो आणि तिथूनच चीर सुटते. मऊ करायचीच असेल तर वाकवण्याच्या आधी सरळ नळी ५३०-५४० अंशांवर सोल्यूशनाइज करून (मिश्रधातूतले घटक विरघळवून) लगेच पाण्यात थंड करायची आणि काही तासांत वाकवून, फुगवून मोकळं व्हायचं. तेवढ्यात जमणार नसेल तर नळ्या उणे १८ अंशांच्या फ्रीजरमध्ये ठेवायच्या, म्हणजे एजिंग जवळपास थांबतं. खर्च मोठा आहे, म्हणून आम्ही आधी वाकाची त्रिज्या वाढवून मागतो.

पुढची पायरी प्रीफॉर्म. ७० मिमीची गोल नळी ५२ मिमी उंचीच्या पोकळीत तशीच ठेवून डाय बंद केली तर ती आडवी ८० मिमीच्या वर पसरते. पोकळी ७६ ची. मग भिंतीचा थोडा भाग वरच्या-खालच्या डायमध्ये अडकतो आणि चिमटा बसतो. चिमटा बसलेला तुकडा वाचत नाही आणि डायच्या कडेलाही इजा होते. म्हणून आधी छोट्या प्रेसवर चारही बाजूंनी दाबून नळी ७५ बाय ५१ च्या आसपास, मोठ्या गोल कोपऱ्यांच्या आयतात आणायची. घेर २२० च राहतो, कोपऱ्याची त्रिज्या सुमारे १९ मिमी येते. चपटी बाजू दीड-दोन मिमी आत बसली तरी चालतं, दाब ती बाहेर काढतो. त्याहून खोल गेली तर कोपऱ्याजवळ तीक्ष्ण घडी राहते. डाय बंद होत असतानाच नळीत ४०-५० बार धरून ठेवण्याची सोय ज्यांच्या प्रेसवर आहे, त्यांना ही पायरी पुष्कळदा गाळता येते.

वंगणाला फार कमी लोक मान देतात. आतून पाणी आणि बाहेरून डाय, या दोघांत भिंत अडकली की धातूला कोपऱ्याकडे सरकावं लागतं आणि घर्षण त्याला अडवतं. द्रव तेल ९०० बारला तग धरत नाही, शिवाय कोपऱ्यात साचून राहतं. वाळून फिल्म होणारं वंगण घ्यायचं. नळी आधी स्वच्छ धुवायची, वंगण बुडवून किंवा फवारून सगळीकडे सारखं लावायचं आणि गरम हवेने पूर्ण वाळवायचं. पावसाळ्यात इथेच घात होतो: हवा दमट, फिल्म वरून वाळलेली दिसते आणि खाली चिकट राहते. अंगठा दाबून हलकेच फिरवायचा. ठसा उमटला तर आणखी वाळवायचं. जाड थर म्हणजे चांगला थर, हाही गैरसमज. जास्तीचं वंगण कोपऱ्यात गोळा होतं आणि तिथे धातूला पोचू देत नाही.

ॲल्युमिनियमला स्टीलवर चिकटायची खोड असते. डायची पोकळी डी२ सारख्या टूल स्टीलची, कडक केलेली आणि धातू ज्या दिशेने सरकतो त्या दिशेने पॉलिश केलेली असावी. कोपऱ्यांना डीएलसी (हिऱ्यासारखं कठीण कार्बनचं) कोटिंग दिलं तर चिकटणं बरंच कमी होतं. चकचकीत रेघोट्या दिसू लागल्या की डाय तेव्हाच साफ करायची. शिफ्ट संपण्याची वाट पाहायची नाही.

आता प्रेस. तीन दाब काढायचे असतात. पहिला, नळी फुगायला लागते तो: दुप्पट जाडी गुणिले यील्ड, भागिले सरासरी व्यास. ७५ मेगापास्कल यील्ड धरली तर सुमारे ६७ बार. दुसरा, मोकळी नळी फुटेल तो: याच सूत्रात १५० ची अंतिम ताकद घालून सुमारे १३४ बार. तिसरा, कोपरा भरायला लागणारा: ताणून कडक झालेल्या धातूची ताकद गुणिले जाडी, भागिले कोपऱ्याची आतली त्रिज्या. १९० गुणिले २.८ भागिले ७.२, सुमारे ७४० बार. नळी लांबीला अडकलेली असल्याने त्यात १५ टक्के भर घालायची आणि थोडी सवलत ठेवून ९०० बार लावायचा. मधल्या टप्प्यातली नळी १३४ ला फुटणारी, मग ९०० ला का फुटत नाही? कारण तोवर ती चारही बाजूंनी डायला टेकलेली असते. म्हणून ७० ते १३० बारचा टप्पा सावकाश आणि टेकल्यानंतरचा टप्पा बिनधास्त.

७६ मिमी रुंदी, ११०० मिमी लांबी आणि ९०० बार यांचा गुणाकार केला तर डाय बंद धरायला सुमारे ७७० टन लागतात. १००० टनांचं प्रेस घ्यायचं. दोन्ही टोकांचे पंच आत पाण्याला अडवायला प्रत्येकी साधारण ३० टन खातात, वर घर्षण आणि सीलिंग, म्हणून ५० टनांचे सिलेंडर. पंचाच्या तोंडाला शंकू आणि बारीक कंगोरा असतो. तो नळीच्या कडेत रुततो आणि पाणी अडतं. ॲल्युमिनियम मऊ असल्याने सील चटकन बसतं, मात्र पंच वेगात आला तर कड आतल्या बाजूला मुडपते.

नळीत साधारण ३.८ लिटर पाणी मावतं. पाण्यात ३ ते ५ टक्के गंजरोधक इमल्शन. एका टोकाने भरायचं आणि दुसऱ्या टोकाच्या पंचाच्या वरच्या अंगाला असलेल्या भोकातून बुडबुड्याविना पाणी येईपर्यंत वाहू द्यायचं. या ठिकाणी घाई करणाऱ्याला प्रेसजवळ उभं करू नये. ९०० बारला पाणी जेमतेम ४ टक्के आकसतं, त्यामुळे नळी फुटली तरी दाब क्षणात पडतो. आत हवा राहिली असेल तर ती प्रचंड ऊर्जा साठवते आणि फुटताना तुकडे उडवते. गार्ड बंद असल्याशिवाय सायकल सुरू होता कामा नये, इंटरलॉक बायपास करायची चर्चाही नको.

क्रम असा: डाय बंद, पंच आत, भरणं तीन-चार सेकंद, सील, मग १३० बारपर्यंत तीन सेकंद, तिथून ९०० पर्यंत चार सेकंद, दोन सेकंद धरून ठेवायचं, भोकं पाडायची, दाब उतरवायचा. तुकडा ठेवणं-काढणं धरून सायकल सुमारे ३५ सेकंदांची. इंटेन्सिफायरला, म्हणजे पाण्याचा दाब वाढवणाऱ्या सिलेंडरला, आकसणारं पाणी भरून काढायला १५० मिलिलिटर जास्तीचं लागतं, ते धरून स्ट्रोक निवडायचा.

टोकांकडून धातू ढकलून भिंत जाड ठेवता येते, असं पुस्तकात असतं. सरळ टी-जोडात ते खरं आहे. आपल्या तुकड्यात टोक आणि मधला भाग यांच्यामध्ये वाक आहे; ढकललेला धातू व्यासाच्या दीड-दोन पट अंतरावरच घर्षणाने थांबतो. त्यामुळे टोकाला ५-६ मिमी ढकल फक्त सील टिकवण्यापुरती. जास्त दिली तर टोकाजवळ सुरकुत्या पडतात, मधली भिंत काही जाड होत नाही.

फुटलेला तुकडा फेकण्याआधी नीट पाहायचा. चीर सरळ, लांब आणि तिच्या कडा मूळ जाडीच्याच असतील, तर सीम उसवली आहे; सप्लायरला कळवायचं. कडा पातळ होत होत तिरक्या तुटल्या असतील, तर धातू ताणाने थकला आहे. मग जागा पाहायची. वाकाच्या बाहेरच्या अंगावर असेल तर बूस्टर आणि नळीचं वय तपासायचं. कोपऱ्याला समांतर, चपट्या बाजूला लागून असेल तर वंगण किंवा डायची पॉलिश. तुकडा फुटला नाही पण एखादा कोपरा भरला नाही, तर दाब वाढवण्याआधी त्या कोपऱ्यातलं हवेचं भोक पाहायचं. ०.८ मिमीचं ते भोक वाळलेल्या वंगणाने बुजतं, आत अडकलेली हवा आणि वंगण धातूला पुढे जाऊ देत नाहीत, आणि दाब १००० केला तरी कोपरा तसाच राहतो.

बोल्टसाठीची १२ मिमीची दोन भोकं डायमध्येच, आत पूर्ण दाब असताना पाडतात. पाणीच खालच्या डायचं काम करतं. पंचाला आतल्या दाबाविरुद्ध एक टन आणि धातू कातरायला साधारण सव्वा टन लागतो. पंचाचं तोंड थोडं तिरकं घासलेलं हवं, म्हणजे कापलेली चकती एका बाजूने लटकत राहते आणि आत पडत नाही. आत पडलेली चकती वेल्डिंगनंतर खडखडते आणि काढता येत नाही. भोकाभोवती धातू थोडा आत बसतो, त्यामुळे तिथे सपाट वॉशर टेकायचा असेल तर भोक नंतर मशीनिंगनेच करावं.

तुकडा बाहेर आल्यावर सौम्य अल्कलाइन द्रावणात ५०-६० अंशांवर धुवायचा. तीव्र कॉस्टिक वापरलं तर पृष्ठभाग काळा पडतो. वंगणाचा अंश राहिला तर मिग वेल्डमध्ये हायड्रोजनचे फुगे दिसतात आणि दोष वेल्डरच्या माथी जातो. दोन्ही टोकांचे ४० मिमी, पंच रुतलेले, कापून टाकायचे.

मग एजिंग: १८५ अंश, ५ तास, भट्टीतली हवा सगळीकडे फिरेल अशा रॅकवर, तुकडे एकमेकांना न चिकटवता. थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) भट्टीच्या हवेत नाही, मधल्या तुकड्यात खोचायचं. वेळ तुकडा तापल्यापासून मोजायची. यील्ड आता १५० मेगापास्कलच्या पुढे जाते. ताण आधी घेतलेल्या कोपऱ्यांत ती आणखी थोडी जास्त भेटते. वेल्डच्या शेजारी मात्र ती ताकद पुन्हा जवळजवळ निम्म्यावर येते, म्हणून ब्रॅकेटची जागा जास्त ताणाच्या पट्ट्यापासून दूर धरायला डिझाइनच्या वेळीच सांगायचं.

तपासणी गेजमध्ये बसवून होते, पण गेजला भिंत कळत नाही. दर लॉटचा एक तुकडा वाकाजवळ आणि मध्यावर आडवा कापायचा, आठ-आठ जागी जाडी मोजायची. बाकीच्यांवर अल्ट्रासॉनिक गेजने वाकाच्या बाहेरच्या अंगावर दोन बिंदू. २.४ मिमीच्या खाली गेला तर तुकडा बाद. हे आकडे नळीच्या लॉट नंबरसकट नोंदले की दोन-तीन लॉटनंतर भिंत पातळ होत चालली आहे हे फुटण्याआधी दिसतं, आणि बूस्टर किंवा वंगण त्याच दिवशी दुरुस्त करता येतं. कापलेली टोकं आणि बाद तुकडे ६०६० च्या वेगळ्या डब्यात टाकायचे. त्यात ५००० मालिकेचा पत्रा मिसळला तर मॅग्नेशियमचं प्रमाण बिघडतं आणि भंगारवाला सगळ्या डब्याला मिश्र मालाचा भाव लावतो.